आमच्याकडचे वडे

आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकाचा या वेळचा विषय आहे ‘आपल्या घरचा आहार’. कोणी भाकरीवर लिहिले आहे, कोणी कोकमावर. मी वड्यांवर लिहिणार आहे. वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या आयांनो, बाबांनो, सगळ्यांनी माझा लेख शेवटपर्यंत वाचावा. लेख थोडा लांब झाला आहे, पण वडे सोपे नसतात.

वडा म्हटला की मुंबईच्या माणसाला बटाटेवडा आठवतो. आमचा वडा तसला नाही. आमच्या वड्यात बटाटा नसतो. तो तांदळाचा असतो, पुरीसारखा गोल असतो, पण पुरीपेक्षा जाड असतो आणि वरून खरखरीत लागतो. बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ. लोक त्याला मालवणी वडे म्हणतात. कोंबडीच्या सागोतीबरोबर खाल्ले की कोंबडी-वडे म्हणतात. आम्ही घरी नुसतं वडे म्हणतो.

तांदळाचेच का?

आपला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो. पण जिल्हा कुठलाही असो, पाऊस तोच. इथे पावसाळ्यात इतका पाऊस पडतो की ज्वारी, बाजरी कुजून जाईल. भाताला मात्र पाणी लागतंच. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. तेव्हा पेरणी होते. मग तरवा काढून लावणी करतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी आणि झोडणी. घाटावर ज्वारी पिकते म्हणून तिकडे ज्वारीची भाकरी. आपल्याकडे भात पिकतो म्हणून आपली भाकरी तांदळाची, घावणे तांदळाचे, आंबोळी तांदळाची आणि वडेपण तांदळाचे. ज्या मातीत जे पिकते तेच तिथल्या चुलीवर चढते, असे गुरुजींनी परिसर अभ्यासात शिकवले आहे.

आपल्याकडे तांदूळ दोन तऱ्हेचे असतात. भात उकडून, वाळवून मग सडला की उकडा तांदूळ. त्याची पेज करतात. न उकडता सडला की सुरय तांदूळ. वड्याला सुरय लागतो. तो जुना असला तर आणखी चांगला, कारण जुना तांदूळ चांगला सुकलेला असतो आणि त्याचे पीठ पाणी जास्त पिते.

वडे कधी करतात?

रोज सकाळी कोणी वडे करत नाही. रोज सकाळी आमच्याकडे पेज असते, नाहीतर भाकरी आणि चहा. वडे सणाला होतात. भाद्रपदात पितृपक्ष असतो तेव्हा घरोघरी म्हाळ असतो. म्हाळाला वडे, काळ्या वाटाण्याचे सांबारे, भाजी आणि खीर असते. आधी कावळ्याला पान ठेवतात. कावळा शिवला की मग आपण जेवायचे. तोपर्यंत भूक लागून पोटात कावळेच ओरडत असतात! आषाढी अमावास्येला, शिमग्याला आणि पाहुणे आले तर कोंबडी-वडे होतात. लग्नाच्या घरीपण वडे लागतात. तेव्हा ते शेकड्यांनी करतात आणि आमच्या वाडीत मोठ्या कढईवर पुरुषच बसतात. म्हणून मी मुलगा असून वडे थापतो याला कोणी हसू नये.

सणाला केलेले वडे उरले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहात बुडवून खायचे. तो नाष्टा मला सर्वांत आवडतो. बाजाराच्या गावात हॉटेलात सकाळी उसळ-वडे मिळतात. आठवडा बाजाराच्या दिवशी लोक लांबून येतात, पहाटे घरून निघतात, तेव्हा त्यांना पोटभर गरम काहीतरी लागते. माझी आईपण बाजाराच्या दिवशी सकाळी उसळ-वडे विकते. इतर दिवशी ती काजूच्या कारखान्यात जाते. बाजाराच्या पैशांतून माझ्या वह्या येतात, बहिणीचे दप्तर येते आणि आजीच्या डोळ्यांत घालायचे औषध येते.

भाजणी

वड्याच्या पिठाला आमच्याकडे भाजणी म्हणतात. त्यात पुढील वस्तू असतात. कोणती वस्तू कशासाठी तेपण मी आजीला विचारून लिहिले आहे.

१. सुरय तांदूळ. हा मुख्य. यामुळे वडा कुरकुरीत होतो.
२. उडदाची डाळ. ही चिकट असते. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, ते तुटते. उडीद त्याला धरून ठेवतो.
३. चण्याची डाळ. हिने चव आणि रंग येतो.
४. धने, जिरे आणि बडीशेप. यांनी वास येतो.
५. मेथीचे दाणे. अगदी थोडे. जास्त झाले तर वडा कडू.
६. काळी मिरी. चार-पाच दाणे.

तांदूळ धुवून सावलीत वाळवतात. मग सगळ्या वस्तू मंद आचेवर वेगवेगळ्या थोड्या भाजतात. काही घरी भाजत नाहीत, नुसत्या वाळवतात. नंतर गिरणीत दळून आणतात. गिरणवाल्याला सांगायचे की पीठ रवाळ ठेवा. पावडरीसारखे बारीक पीठ झाले तर वडा खरखरीत होत नाही.

मुठीचे माप

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या घरी भाजणीचे माप आजीच घालते. तिचे माप असे: दोन शेर तांदूळ, सात मुठी उडीद, चार मुठी चणाडाळ, एक मूठ धने, बाकीचे चिमटीने. हे तिने कुठे लिहिलेले नाही. मी विचारले तर म्हणाली, “माप खय लिवन ठेवतत काय रे झिला? माप हातात आसता.”

यंदा श्रावणात दोन बाजारांना आईचे वडे नीट झाले नाहीत. थापताना कडेला चिरा पडत होत्या. तेलात टाकले तर फुगत नव्हते. चपटे आणि कडक झाले. आई एका खेपेला साधारण ८० वडे करते. एका ताटलीत ४ वडे, म्हणजे २० ताटल्या. त्यातल्या १३ गेल्या आणि ७ उरल्या. एक नेहमीचे आजोबा म्हणाले, “दातांका झेपणत नाय गो.” दुसऱ्या बाजारी ते आलेच नाहीत. आई घरी येऊन काही बोलली नाही. पण उरलेले वडे आम्ही दोन दिवस खात होतो, तेव्हा कोणीच बोलत नव्हते.

आईला वाटले तेल वाईट. तिने तेल बदलले. तरी तसेच. मग वाटले गिरणीत पीठ बारीक झाले. मी पीठ चिमटीत घेऊन बघितले, ते रवाळच होते. तांदूळ तर आमच्याच मळ्यातले, मागच्या वर्षीचे. मग राहिले काय? माप राहिले.

तेव्हा शाळेत आमचा किलोग्रॅम आणि ग्रॅमचा धडा चालू होता. आपल्या देशात वजनमापाचा कायदा १९५६ साली झाला आणि मग हळूहळू शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. पण आजीकडे अजून जुनी मापे आहेत. शेर आहे आणि मापटे आहे. ४ शेरांची एक पायली आणि अर्ध्या शेराचे एक मापटे. शेर हे भरून मोजायचे माप आहे, तोलायचे नाही. म्हणून शेरभर चुरमुरे आणि शेरभर तांदूळ यांचे वजन सारखे येत नाही.

मी वाडीतल्या दुकानदार काकांकडे आजीला, आईला आणि उडदाची पिशवी घेऊन गेलो. प्रत्येकाने १० मुठी उडीद घातला आणि काकांनी काट्यावर तोलला. एकच मूठ तोलली तर कमीजास्त होते, म्हणून १० घेतल्या आणि १० ने भागले. उत्तर असे आले:

आईच्या १० मुठी: ६०० ग्रॅम. एक मूठ ६० ग्रॅम.
आजीच्या १० मुठी: ४१० ग्रॅम. एक मूठ ४१ ग्रॅम.
माझ्या १० मुठी: ३५० ग्रॅम. एक मूठ ३५ ग्रॅम.

आजी हसली आणि म्हणाली, “माजी मूठ पोराएवढी झाली!” मग ती गप्प बसली. तिचा हात आता थरथरतो. मूठ भरली तरी उचलताना दाणे बोटांतून गळतात. तिला कमी दिसते म्हणून ते कळत नाही.

मग आजीलाच आठवले. ती म्हणाली, “मी लग्न होऊन इलंय तेवा सासूबाय म्हणायच्यो, सात मुठीत मापटा भराक व्हया.” आम्ही मापटे काठोकाठ भरून तोलले. उडीद भरला ४२० ग्रॅम. आईच्या सात मुठी म्हणजे ७ गुणिले ६०, तेपण ४२०. आणि आजीच्या आताच्या सात मुठी म्हणजे ७ गुणिले ४१, फक्त २८७. म्हणजे १३३ ग्रॅम उडीद कमी पडत होता! चिकटपणा कमी, म्हणून चिरा. चिरा, म्हणून फुगत नाहीत.

मला आनंद झाला, पण आजीकडे बघून ओरडावेसे वाटले नाही. घरी येताना आईने तिचा हात धरला होता. त्या रात्री आजी जेवली नाही. म्हणाली, “आता माजो काय उपेग?” आई म्हणाली, “माप मापट्यात आसा. पण पाणी कितपत घालूचा ता मापट्यात नाय.” आणि ते खरेच आहे. पाणी तांदळावर, हवेवर अवलंबून असते. पावसात पीठ दमट असते, तेव्हा पाणी कमी लागते. उन्हाळ्यात जास्त. ते काट्यावर समजत नाही. आजी गोळ्यावर नुसते बोट दाबते आणि सांगते, “अजून दोन चमचे घाल.” तिचा हात थरथरतो, पण बोटाला बरोबर कळते.

म्हणून आता आमच्या घरी असे ठरले आहे. माप आई घालते, मी कागद वाचतो आणि पीठ आजी बघते. आमचे माप, सर्वांनी लिहून घ्यावे: तांदूळ दोन शेर (आमच्या शेराने १७०० ग्रॅम), उडीद डाळ ४२० ग्रॅम, चणाडाळ २४० ग्रॅम, धने एक मूठ, जिरे आणि बडीशेप दोन-दोन चमचे, मेथी एक चमचा, मिरी ५ दाणे.

पीठ मळणे आणि थापणे

भाजणीत मीठ आणि हळद घालायची. मग गरम पाण्याने मळायचे. थंड पाणी चालत नाही. गरम पाण्याने तांदळाचे पीठ थोडे शिजल्यासारखे होते आणि एकमेकांना चिकटते. आमची आजी गोळ्याच्या मध्ये खळगा करते, त्यात चुलीतला लाल निखारा वाटीत ठेवते, वर थोडे तेल सोडते आणि झाकण घालते. चर्र असा आवाज येतो आणि पिठाला धुराचा छान वास लागतो. झाकून दोन-तीन तास ठेवायचे, म्हणजे पीठ पाणी पिऊन मऊ होते. काही जण रात्रभर ठेवतात. मग ते थोडे आंबते आणि वडा हलका होतो.

नंतर लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि केळीच्या पानाला तेलाचे बोट लावून त्यावर थापायचा. सगळीकडे सारखी जाडी पाहिजे. एक बाजू पातळ राहिली तर तिथे फाटतो. काही घरी मधे बोटाने भोक पाडतात. भोकाचा वडा मधे कच्चा राहत नाही, पण तो फुगत नाही. आम्ही भोक पाडत नाही.

वडा का फुगतो?

हे मी गुरुजींना विचारले. पाणी १०० अंशाला उकळते आणि त्याची वाफ होते. तळणीचे तेल त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त तापलेले असते. वडा तेलात पडला की त्याची वरची आणि खालची कातडी लगेच घट्ट होते. आतल्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्यापेक्षा फार जास्त जागा लागते. तिला बाहेर जायला वाट नसते, म्हणून ती दोन्ही कातड्या लांब ढकलते. झाला वडा फुग्यासारखा! पण कडेला चीर असली तर वाफ त्या चिरेतून पळून जाते. मग वडा चपटाच राहतो. आमच्या श्रावणातल्या वड्यांचे हेच झाले होते.

तेल तापले की नाही हे बघायला पिठाचा छोटा तुकडा टाकायचा. तो लगेच वर आला तर तेल बरोबर. तळाशीच बसला तर तेल थंड आहे. थंड तेलात वडा फुगत नाही आणि तेल पितो. तेल फार तापून धूर आला तर वडा बाहेरून काळा आणि आतून कच्चा. वडा टाकल्यावर झाऱ्याने त्याच्यावर हळू हळू तेल उडवायचे. मग तो फुगतो. एकदाच परतायचा.

सूचना: तळण्याचे काम मोठ्यांनी करायचे. मुलांनी फक्त थापायचे. ओला हात कढईजवळ नेऊ नये. पाण्याचा थेंब गरम तेलात पडला की तडतडून अंगावर उडतो.

बरोबर काय खायचे?

काळ्या वाटाण्याची उसळ. वाटाणे रात्री भिजत घालायचे. सकाळी शिजवून कांदा आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप लावायचे, मालवणी मसाला घालायचा. तांदूळ आणि कडधान्य एकत्र खाल्ले की अंगाला चांगले, असे बाईंनी सांगितले आहे. पण वडे तळलेले असतात, म्हणून रोज खाऊ नयेत. आणि एकदा काळे झालेले तेल परत परत वापरू नये.

दुसरीकडचे वडे

आपणच वडे करतो असे नाही. रायगड-ठाण्याकडचे आगरी आणि कोळी लोकपण लग्नात तांदळाचे वडे करतात. लाल भोपळा आणि गूळ घालून गोड घारगे करतात ते पुष्कळांनी खाल्ले असतील.

गुरुजींनी आणखी लांबची गोष्ट सांगितली. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. तिथेपण तांदूळ पिकतो त्या भागात सकाळी तांदळाचे गोड वडे खायची रीत होती. त्यांना ‘कालास’ म्हणतात. शिजलेला भात, मैदा, अंडी आणि साखर एकत्र करून तळतात, वर पिठीसाखर घालतात आणि कॉफीबरोबर खातात. पूर्वी तिथे आफ्रिकेतून माणसे पकडून आणून गुलाम केली होती. त्यांच्यातल्या बायका डोक्यावर टोपली घेऊन रस्त्याने ओरडत कालास विकायच्या. १८०३ साली तो भाग अमेरिकेकडे गेला. त्याच्या आधी काही वर्षे तिथे स्पेनचे राज्य होते. तेव्हा गुलामाला पैसे भरून स्वतःला सोडवून घेता येत असे. काही बायकांनी असे विकून पैसे साठवले आणि आपली व आपल्या माणसांची सुटका करून घेतली. हे ऐकून मी घरी आईला सांगितले. ती उसळीचे वाटप वाटत होती. ती वाटायची थांबली आणि म्हणाली, “एकेका वड्यावर?” मी म्हटले, “होय, एकेका वड्यावर.”

शेवटी एक विनंती

मागच्या बाजाराला २० च्या २० ताटल्या गेल्या. ते आजोबापण परत आले आणि त्यांनी दोन वडे जास्त मागून घेतले. आईने ते आजीला सांगितले तेव्हा आजी म्हणाली, “पाणी बरोबर पडला होता.”

आता माझी सर्वांना विनंती आहे. तुमच्या घरी आजी असेल, आजोबा असतील, तर त्यांच्या हातात कसले तरी माप असेल. वड्यांचे असेल, लोणच्यातल्या मिठाचे असेल, नाहीतर मसाल्याच्या मिरच्यांचे असेल. ते एकदा तोलून बघा. १० मुठी घ्या आणि १० ने भागा, भागाकाराचा सरावपण होईल. उत्तर कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. खाली आजीचे नाव लिहायला विसरू नका. आमच्या कागदावर मी लिहिले आहे.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी